इकडून या, पारंबी लागेल

अख्ख्या पुणे शहरात तोडलेल्या झाडाला वळसा घालून चालणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा सख्खा साडू आहे. उभ्या झाडाला वळसा सगळेच घालतात, त्यात काय मोठंसं! पण जिथे आज गुळगुळीत सिमेंटचा रस्ता आहे, वर निव्वळ आभाळ आहे आणि कंपनीच्या बसगाड्या हिंजवडीकडे तोंड करून ओळीने उभ्या असतात, तिथे भर उन्हात एकाएकी थबकायचं, डावीकडे तीन पावलं सरकायचं, मान खाली घालून वाकायचं आणि मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सरळ चालू लागायचं, हे फक्त आमच्या साडूंनाच जमतं. पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा मी आपला सरळ चाललो होतो. त्यांनी माझी बाही धरून मला बाजूला ओढलं. "अहो, इकडून या, पारंबी लागेल," ते म्हणाले. मी वर पाहिलं. वर काहीही नव्हतं. तरी मानेवरून काहीतरी खरखरीत घासून गेलं, आणि हे मी त्या दिवशी घरी सांगितलं नाही. माझ्याबद्दल बायकोची मतं आधीच पुरेशी पक्की आहेत.

साडू राजकारणातले. तीनदा नगरसेवक झाले, तिन्ही वेळा वेगवेगळ्या पक्षांतून, आणि चौथ्यांदा कपबशी घेऊन अपक्ष उभे राहिले ते सपशेल पडले. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे त्यांची पत्रकं, जाहीरनामे आणि भाषणं लिहिण्याचं काम नात्याने माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर जाहीरनामा मी एकदाच लिहिला. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला पक्षाचं नाव आणि कागदाचा रंग तेवढा बदलला. एकदा घाईत एका ठिकाणी मागच्याच पक्षाचं नाव राहून गेलं आणि पाच हजार प्रती छापून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मी घाम पुसत त्यांच्याकडे गेलो, तर साडू म्हणाले, "असू द्या हो, त्यांचीही दोन मतं पडतील!" हेल्मेटसक्तीच्या विरोधात त्यांनी डोक्यावर पातेलं घालून मोर्चा काढला होता, आणि पुढे पक्ष बदलल्यावर स्वतःचा फोटो चिकटवलेली हेल्मेटं चौकात उभं राहून वाटली. एकदा सकाळी नदीकाठच्या वाहनतळाचं भूमिपूजन केलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी नदी वाचवणाऱ्यांच्या साखळीत हातात हात घालून उभे राहिले. गळ्यात सकाळचाच हार होता, झेंडू जरा मलूल झाला होता इतकंच. कुणी मतं बदलल्याचा टोमणा मारला तर ते जराही चिडत नसत. "मी कुठे बदलतो?" ते म्हणत. "मतदार बदलतात. मी आपला नम्रपणे त्यांच्या मागून जातो."

आमच्या कॉलनीसमोरच्या रस्त्यावर तेव्हा बारा वड होते. भर वैशाखात त्या रस्त्यावर दिवसाही जरा अंधारल्यासारखं असे आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडून बायका तिथे उगाचच उभ्या राहत. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा साडू त्या भागाचे नगरसेवक होते आणि सभेत ठराव त्यांनीच मांडायचा होता. विरोधाला निम्मी कॉलनी उभी. आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "असं एक वाक्य द्या, की पुढे कुणाला बोलताच येऊ नये." मी दिलं. "झाड पुन्हा लावता येतं, गेलेला वेळ पुन्हा मिळत नाही." सभागृहात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकटीत छापून आलं, आणि मी ते कात्रण कितीतरी दिवस पाकिटात घेऊन हिंडत होतो. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण तेव्हा नाही वाटली. प्रत्येक खोडावर पांढऱ्या रंगाने आकडा पडला आणि आठवड्याभरात अकरा वड गेले. बारावा कोपऱ्यावरचा. त्याच्या मुळाशी शेंदूर लावलेला म्हसोबा होता, आणि म्हसोबाला हात लावायची छाती ना कंत्राटदाराला झाली, ना साडूंना.

पुढच्या निवडणुकीत साडू पडले आणि त्यानंतर हे वळसे सुरू झाले. आम्हाला आधी वाटलं, मानेचं दुखणं असेल. मग वाटलं, चक्कर असेल. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्यांना सदाशिव पेठेतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होतो. डॉक्टर जुने, वयस्कर, बोलायला काटकसरी. त्यांनी कान तपासले, डोळे मिटून एका पायावर उभं केलं, आणि तोल उत्तम असल्याचं सांगितलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "आत येताना माझ्या पायरीपाशी वाकलात ते का?" साडू म्हणाले, "चिंचेची फांदी खाली आली होती." मी जीव मुठीत धरून बसलो. त्या डॉक्टरांच्या दारात चिंचच काय, तुळससुद्धा नव्हती. डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चिंच होती," ते शेवटी म्हणाले. "माझ्या लहानपणी वडिलांनी तोडली. तुम्हाला कुणी सांगितलं?" साडूंना कुणीच सांगितलेलं नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर डॉक्टर दारात येऊन वर बघत उभे होते.

त्या दिवसापासून मी आमच्या रस्त्याकडे जरा लक्ष द्यायला लागलो, आणि लागलो नसतो तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. भर दुपारी बारा ते तीन, कॉलनीची दारं लावलेली, सगळे झोपलेले, आणि तापलेल्या सिमेंटवर रस्त्यातली कुत्री कुठे झोपतात तर अकरा ठिकाणी. गोल करून. ऊन सरकेल तशी तीही गोलातल्या गोलात सरकायची, आणि ऊन तर सगळीकडे सारखंच होतं. मी पावलं टाकून अंतरं मोजली. दोन गोलांच्या मध्ये जेवढी पावलं, तेवढीच त्या वडांच्या मध्ये होती. साडू प्रत्येकाला आकड्याने ओळखत आणि जाता जाता चौकशी करत. "सात नंबरला वाळवी धरलीय," असं ते चिंतेने सांगत, "आणि चार नंबर बघा, कसा मस्त फोफावलाय." चार नंबरच्या जागी उभी केलेली स्कूटर हा तर कॉलनीत चर्चेचा विषय झाला. रोज सकाळी सीट पाखरांच्या शिटेने पांढरी झालेली आणि वर तार नाही, फांदी नाही, काही नाही. स्कूटरचे मालक खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. ते भुताखेतांना मानत नाहीत, अर्जांना मानतात. त्यांनी साडूंच्या हातात रीतसर लेखी अर्ज दिला. विषय: आपल्या झाडावरील पक्ष्यांचा उपद्रव थांबविण्याबाबत. "अहो, पण झाड नाहीये," मी त्यांना म्हणालो. "ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी झाडाबद्दल तक्रार करत नाहीये. पक्ष्यांबद्दल करतोय." साडूंनी अर्जावर सही करून पोच दिली, आणि चार नंबरखाली उभं राहून वर बघत पक्ष्यांना हळू आवाजात काहीतरी समजावलं.

या सगळ्यात साडू पक्के पर्यावरणवाले झाले. मला आधी वाटलं, हाही एक पक्षच असणार, वर्ष-दोन वर्षांत सोडतील. नाही सोडला. त्यांनी पक्कड घेतली. झाडांना ठोकलेले खिळे काढायचे, हे त्यांचं व्रत झालं. रोज सकाळी खांद्याला झोळी अडकवून निघायचे आणि क्लासच्या, पेइंग गेस्टच्या, पाण्याच्या टँकरच्या, गुडघेदुखीच्या, झाडावर जी दिसेल ती पाटी उपटून काढायचे. चष्मा मुद्दाम घरी ठेवत. "पाटीवर काय लिहिलंय हे मला वाचायचंच नाही," ते म्हणत. "वाचलं की माणूस बाजू घेतो. खिळा तो खिळा." आयुष्यभर बाजू बदलत आलेल्या माणसाचं हे बोलणं ऐकून मला हसू आलं होतं, पण त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. उपटलेल्या पाट्या ठेवायला ताईने साफ नकार दिला, म्हणून त्या आमच्या गॅलरीत साठू लागल्या. सगळ्यात जास्त जीव बाराव्या वडात. म्हसोबाला एव्हाना भक्तांनी समोरच्या बाजूला फरशीचं नवं देऊळ बांधून तिकडे हलवलं होतं, तरी साडू त्या वडाखाली गेले की चपला काढून उभे राहत. त्याच्या खोडात त्यांनी एक खिळा शिल्लक ठेवला नाही. जुने, आत रुतलेले, सालीने गिळलेलेसुद्धा त्यांनी दिवसचे दिवस खपून, हळदीचा लेप लावत, बाहेर काढले. एकदा पारावर बसून ते मला म्हणाले, "अकरा माझ्या हाताने गेले. हा माझ्या डोळ्यांदेखत जाणार नाही. एवढं एकच मत आता बदलायचं नाही असं ठरवलंय." त्यांच्या तोंडी असं वाक्य मी तरी कधी लिहून दिलं नव्हतं.

त्यानंतर एका रविवारी बायकोच्या धाकाने मी गॅलरी आवरायला घेतली. जुनी खोड जात नाही म्हणतात तसं, हातात लाल पेन्सिल घेऊनच बसलो आणि एकेक पाटी सुधारत गेलो. मध्येच प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक छापील कागद आला. चारही कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्यावर मजकूर माझ्या डोक्यात शिरला. ती सरकारी नोटीस होती. चौक मोठा करण्यासाठी कोपऱ्यावरचा वड काढायचा आहे, कुणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत लेखी कळवावी. मुदत संपून चार दिवस झाले होते. झाड तोडण्याआधी नोटीस त्याच झाडावर ठोकायची, अशी आपल्याकडची रीत. ती ठोकली गेली, आणि कुणी वाचायच्या आत आमच्या साडूंनी पक्कड लावून, मोठ्या मायेने, न वाचता उपटून झोळीत टाकली. वाचणारा मी, आणि माझ्या गॅलरीत ती तीन आठवडे पडून होती. अरे देवा! मी त्या पसाऱ्यात किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. सांगू नये असं दहादा मनात आलं. पण सांगितलं. साडूंनी कागद हातात घेतला, चष्मा मागितला, पूर्ण वाचला, आणि एवढंच म्हणाले, "खिळे जरा जास्तच सैल होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं महापालिकेच्या कचेरीत गेलो. टेबलामागचा अधिकारी तरुण होता, आणि इतका नम्र की त्याच्यावर रागावता येईना. त्याने साडूंना ओळखलं, उठून उभा राहिला, चहा मागवला. "साहेब, एकही हरकत आलेली नाही," तो म्हणाला. "आम्हालाच नवल वाटलं. आपलं पत्र येणार म्हणून मी फाईल दोन दिवस थांबवूनसुद्धा ठेवली होती." कॉलनीतल्यांनी काही पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी झाडाचं काय ते साडू बघतील असंच सगळे म्हणाले असते. साडूंनी झोळीतून नोटीस काढली, शेजारी पक्कड ठेवली आणि म्हणाले, "ही मी काढली." अधिकाऱ्याने घाईघाईने दाराकडे पाहिलं. "साहेब, हे लेखी देऊ नका. सरकारी नोटीस काढणं गुन्हा आहे." मग त्याने फाईल उघडली. त्यात वडावर ठोकलेल्या नोटिशीचा फोटो होता आणि त्याखाली त्या रस्त्याचा जुना ठराव, साडूंच्या भाषणासकट. माझं वाक्य कुणीतरी खाली रेघ मारून ठेवलं होतं. "फार सुरेख वाक्य आहे साहेब," तो मनापासून म्हणाला. "आम्ही अजून वापरतो." साडू माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बुधवारी दुपारी कापणारे आले. साडू कोपऱ्यावर अनवाणी उभे होते, हातात पक्कड, आणि मी त्यांच्या मागे. करवतीला साखळी चढवण्याआधी त्यांच्यातला एक म्हातारा खोडावरून तळहात फिरवत गोल फिरला, दोनदा फिरला, आणि मग कौतुकाने आमच्याकडे वळला. "लई ग्वाड खोड हाय बाबा," तो म्हणाला. "येक खिळा न्हाई आत. न्हायतर शहरातलं झाड म्हंजी साखळी तुटलीच समजा, दोन-दोन दिस जात्यात. ह्ये तासाभरात निघंल." साडूंच्या हातातली पक्कड खाली पडली. मला रडू आलं, लपवत नाही. तासाभरातच निघालं. शेवटची फांदी पडली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा झोपलेली कुत्री एकदम उठून उभी राहिली, एकही भुंकलं नाही, आणि ती एकामागून एक गल्लीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडू फिरायला निघाले ते सरळ चालले. एक नंबरपाशी मी सवयीने डावीकडे सरकलो, पण ते नाक्याच्या दिशेने नाकासमोर चालत राहिले. दोन, तीन, चार. सातपाशी मी डोळे मिटून घेतले, आता हा माणूस आपटणार असंच मला वाटलं. डोळे उघडले तर ते पुढे जाऊन माझी वाट बघत उभे. "काय हो, वाकताय कुणापुढे?" त्यांनी विचारलं. मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवून म्हणाले, "मोकळा आहे. चांगला रुंद केलाय." त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. सभागृहातला, जुना, निवडणुकीत पडण्याआधीचा आवाज होता तो. त्यानंतर चार नंबरवरची पाखरं थांबली. स्कूटरवाले गृहस्थ एकदा मला थांबवून म्हणाले, "अर्ज निकाली निघाला वाटतं." आणि जरा वेळाने, खाली बघत, "तशी घाई नव्हती." इतकी वर्षं त्या माणसाने वळसे घालू नयेत म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो. आता तो सरळ चालत होता आणि ताई मला फोन करून विचारत होती, "ह्यांचं काहीतरी करा हो, हे घरात असून नसल्यासारखे वागतात."

परवाची गोष्ट. एका लग्नाचं जेवण उरकून आम्ही दोघं दुपारी एकच्या सुमारास परत येत होतो. ऊन नुसतं मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. साडू माझ्या पुढे, मान खाली, सरळ. कोपऱ्यापाशी आलो आणि माझीच पावलं थबकली. टाळूवरचं ऊन कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. कानाशी पानांची सळसळ झाली, आणि झाड तर सोडाच, गवताची काडी नव्हती तिथे. पळून जावंसं वाटलं. साडू मात्र तसेच पुढे चालले होते, सरळ त्याच्या अंगावर. मी धावलो, त्यांची बाही धरली आणि मागे ओढलं. "अहो, इकडून या," मी म्हणालो, "पारंबी लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कितवा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"बारावा," मी म्हणालो.

आमच्या साडूंनी डावीकडे तीन पावलं टाकली, मान खाली घालून वाकले आणि आत येऊन उभे राहिले. मग हळूच, एकेक करून, चपला काढल्या. समोर सिमेंट उन्हाने रखरखत होतं. "अहो, पाय भाजतील ना," मी ओरडलो.

"सावलीत कसे भाजतील?" ते म्हणाले.

मीही चपला काढल्या. खरंच भाजत नव्हतं.